साखरेला लॉबी, कांद्याला मोर्चा

७ डिसेंबर २०२३ ला दिल्लीतून दोन कागद निघाले. एका कागदाने साखर कारखान्यांना सांगितलं, या वर्षी उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायचं नाही. दुसऱ्या कागदाने दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद केली. कारण दोन्हीकडे एकच, बाजारात भाव चढू नयेत. (लोकसभा तोंडावर होती हे वेगळं सांगायला नको.)

आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) ऊसही पिकतो आणि कांदाही. कितीतरी घरांत दोन्ही पिकं, एकाच विहिरीवर. म्हणजे एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही दणके बसले.

पुढे काय झालं ते बघा. इथेनॉलचा आदेश आठ दिवस टिकला. १५ डिसेंबरला सरकारने तो सैल केला आणि १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी, दोन्ही वापरायला परवानगी दिली. कांद्याची बंदी उठली ४ मे २०२४ ला. जवळपास पाच महिन्यांनी. आणि उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क अशी दोन ओझी डोक्यावर ठेवून. बरोबर नऊ दिवसांनी नगर आणि शिर्डीत मतदान होतं.

आठ दिवस आणि पाच महिने. हा फरक पावसाने पडलेला नाही आणि नशिबाने तर नाहीच. हा फरक एका कौशल्याचा आहे. ते कौशल्य शिकता येतं, शिकवता येतं. पण आपण ते मुलांना शिकवत नाही, आणि ही गोष्ट चुकून राहून गेली आहे असं मला अजिबात वाटत नाही. आजचा विषय हा.

आधी एक खुलासा. साखरवाल्यांनी काही काळंबेरं केलं असं मी म्हणत नाहीये. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. सरकारच्याच धोरणावर विश्वास ठेवून कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या, तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करार झाले होते, आणि हंगाम ऐन भरात असताना नळ बंद केला गेला. पण रास्त म्हणणं तर कांदावाल्याचंही होतं. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो उन्हाळी कांद्यासारखा चाळीत महिनोन् महिने टिकत नाही. भाव पडले म्हणून थांबायची सोयच नाही, नेप्तीला नाहीतर घोडेगावला गोण्या नेऊन येईल त्या लिलावात द्यायच्या, बास. मग एकाचं म्हणणं आठ दिवसांत ऐकू गेलं आणि दुसऱ्याचं पाच महिने का नाही?

कारखाने मोजता येतात. प्रत्येकाचं नाव आहे, लेटरहेड आहे, चार्टर्ड अकाउंटंट आहे. वर राज्याचा साखर संघ आहे, त्याच्या वर राष्ट्रीय महासंघ आहे, खासगी कारखान्यांची ‘इस्मा’ तर १९३२ पासून आहे. आदेश निघाल्यावर किती कोटी अडकले, किती लिटरचा पुरवठा चुकणार, हे आकडे त्यांच्या फायलीत तयार असतात. कोणत्या खात्याच्या कोणत्या सचिवाकडे जायचं हेही पाठ असतं. कांदा उत्पादक लाखोंनी आहेत, आणि लाखोंनी आहेत म्हणूनच विखुरलेले आहेत. मॅन्कर ओल्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्येच हे मांडून ठेवलंय. थोड्या लोकांचा मोठा फायदा असेल तर ते पटकन एकत्र येतात. पुष्कळ लोकांचा थोडा थोडा तोटा असेल तर प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत बसतो. हे कळायला अर्थशास्त्रातली पदवी लागत नाही. नववीतल्या पोराला कांद्याच्या एका उदाहरणात कळेल. पण सांगतो कोण?

तर, शाळेत आपण काय शिकवतो? २०१८ मध्ये आलेलं दहावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक घ्या. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी असे धडे आहेत. आपल्या वेळच्या नागरिकशास्त्रापेक्षा हे बरंच बरं आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सगळं पुस्तक वाचून झाल्यावरही एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही: एखादा निर्णय बदलायचा असेल तर नेमकं कुठे, कधी आणि कोणाला गाठायचं?

आपल्या भाषेत सांगायचं तर आपण मुलांना युजर मॅन्युअल देतो. राष्ट्रपती इथे बसतात, विधेयकाची तीन वाचनं होतात, धन्यवाद. सोर्स कोड मात्र काही घरांतच फिरतो. कारखान्याच्या संचालकाचा मुलगा जेवताना ऐकतो की अमुक फाईल वित्त खात्यात अडकलीये, अधिवेशनाआधी शिष्टमंडळ नेलं पाहिजे, सचिवांना आधी भेटा आणि मंत्र्यांना मग. विसाव्या वर्षी त्याचं शिक्षण पूर्ण झालेलं असतं. आमच्याकडे ‘सोधा’ म्हणतात, सोयरे-धायरे. पक्ष कोणताही असो, सोयरीक सगळीकडे. या विद्यापीठाला प्रवेश परीक्षा नाही, फक्त जन्म लागतो. बाकीच्या पोरांना काय येतं? मोर्चाला जाणं. टायर जाळणं. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो कुठल्या कोपऱ्यात बसवायचा ते.

म्हणून मला ‘शाळेत राजकारण नको’ हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. राजकारण शिकवलं जातंच आहे. फक्त सगळ्यांना नाही.

गंमत म्हणजे याच जिल्ह्यात एकेकाळी हे उघड्यावर शिकून, करून दाखवलेलं आहे. लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले हे सगळ्यांना माहीत असतं. पण कारखान्याचे अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ. का? कारण कारखान्याला परवाना लागतो, सरकारी भांडवल लागतं, वित्त महामंडळाचं कर्ज लागतं, आणि ही सगळी दारं ज्या भाषेत उघडतात ती भाषा बोलणारा माणूस शेतकऱ्यांना आपल्या बाजूने टेबलावर हवा होता. याला लॉबिंगच म्हणतात, मंडळी. स्वच्छ, उघड, स्वतःच्या हक्कासाठी केलेलं. आज लोणीचं नाव पुस्तकात येतं ते सहकाराच्या धड्यात, चार ओळींत. मुख्य धडा गाळून.

मला विचाराल तर नगर जिल्हा म्हणजे या विषयाची तयार प्रयोगशाळा आहे. तीन प्रयोग सांगतो.

पहिला, राळेगणसिद्धी. अण्णा हजारेंची उपोषणं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. पण माहितीचा अधिकार नुसत्या उपोषणाने आला नाही. महाराष्ट्राने २००० मध्ये एक कायदा केला, तो लेचापेचा निघाला. मग माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने नवा मसुदा तयार केला. सप्टेंबर २००२ मध्ये अध्यादेश निघाला, पण राष्ट्रपतींची मंजुरी अडकली, ती आली ऑगस्ट २००३ मध्ये. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. या गोष्टीत उपोषण जितकं महत्त्वाचं तितकाच मसुदा महत्त्वाचा, आणि सही कोणत्या टेबलावर अडकलीये हे माहीत असणंही तितकंच. आता त्याच माणसाचं दुसरं आंदोलन घ्या. २०११ मध्ये लोकपालसाठी अख्खा देश रस्त्यावर आला. कायदा संसदेत मंजूर झाला डिसेंबर २०१३ मध्ये. पहिले लोकपाल नेमले गेले मार्च २०१९ मध्ये! मधली पाच वर्षं कायदा कागदावर होता आणि माणूस खुर्चीत नव्हता. कायदा झाला म्हणजे काम झालं नाही. अधिसूचना, नियम, नेमणूक, पैसा असे चार जिने पुढे असतात. गर्दी पहिल्या मजल्यावर गुलाल उधळून घरी जाते.

दुसरा प्रयोग, जायकवाडीचं पाणी. दुष्काळी वर्षी भंडारदरा, मुळा धरणांतून खाली मराठवाड्यासाठी पाणी सोडलं की आमच्याकडे रस्ते अडवले जातात. त्या भांडणाचं मूळ आहे २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, कलम १२(६)(ग). टंचाईची झळ खोऱ्यात सगळ्यांनी सारखी सोसावी, म्हणून ऑक्टोबर अखेरीस खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या वापरायच्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी ठेवायची, असं ते सांगतं. एक वाक्य. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. मराठवाड्याच्या बाजूने पाहिलं तर ते वाक्य म्हणजे मोठा आधार आहे, आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचीच बाजू उचलून धरली. पण नगरच्या पोरांना विचारण्याचा प्रश्न असा: ते विधेयक सभागृहात होतं तेव्हा आपल्या जिल्ह्याचेही आमदार तिथे होतेच ना? मग रस्ता रोको २००५ मध्ये का झाला नाही? कारण कलम वाचायला कोणी शिकवलेलं नाही. पाणी सुटल्यावर धरणावर जाऊन ओरडणं म्हणजे कोड प्रॉडक्शनला गेल्यावर रिव्ह्यू करण्यासारखं आहे :)

तिसरा, पुणतांबा. १ जून २०१७ ला राहाता तालुक्यातल्या या गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शेतकरी संपावर जातो ही कल्पनाच जबरदस्त होती, दूध-भाजी शहरात पोचेना. २ जूनच्या रात्री मुंबईत ‘वर्षा’वर मुख्यमंत्र्यांशी चर्चा झाली आणि पहाटे काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. सकाळी बाकीचे म्हणाले, तुम्हाला हा अधिकार दिला कोणी? संप फुटला, सूत्रं नाशिकच्या बाजूला गेली, सुकाणू समिती आली, ११ जूनला कर्जमाफी तत्त्वतः मान्य झाली आणि २४ जूनला ३४,०२२ कोटींची घोषणा झाली. या सगळ्यात शिकण्यासारखं किती आहे! वाटाघाटीला कोण जाणार, त्याला कुठपर्यंत ‘हो’ म्हणायचा अधिकार, मध्यरात्री सही करायची की सकाळपर्यंत वेळ मागायचा, ‘तत्त्वतः’ या शब्दाची किंमत किती. कंपनीत आपण वाटाघाटीच्या कौशल्यावर दोन दोन दिवसांची ट्रेनिंगं करतो, चहा-बिस्किटांसकट. ज्यांचा अख्खा हंगाम पणाला लागलेला असतो, त्यांना एक तासही नाही.

आता आक्षेप. नेहमीचेच आहेत, पण उत्तरं द्यायला हवीत.

‘लॉबिंग म्हणजे लाच.’ नाही. लाच म्हणजे लपून दिलेले पैसे. लॉबिंग म्हणजे निर्णय घेणाऱ्यापुढे आपली बाजू मांडणं. आपल्याकडे या दोन्हींत गोंधळ होतो कारण लॉबिंगला वेगळं नावच ठेवलेलं नाही. वशिला, वजन, सेटिंग, फिल्डिंग... सगळे शब्द अंधारातले. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, कोणासाठी आणि कशावर ते सांगावं लागतं. त्याने तिकडे रामराज्य आलं नाही हे मान्य, पण निदान यादी तरी मिळते. आपल्याकडे २०१३ मध्ये लोकसभेत यावर एक खासगी विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्यावर प्रश्न विचारायचा कसा?

‘मुलं हे शिकून फिल्डिंगच लावतील.’ ज्यांना लावायची आहे त्यांना ती येते हो आधीच! प्रश्न आहे ती ओळखणारे किती आहेत हा. कुलूप कसं उघडतं हे फक्त चोरालाच माहीत असावं, असा हा आग्रह आहे.

‘शिक्षक एका बाजूचं शिकवतील.’ ही भीती खरी आहे, टाळता येणारी नाही. संस्थेचे अध्यक्षच आमदार असतील तर मास्तर काय बोलणार? म्हणून दोन पथ्यं. एक, चालू भांडणं नकोत, निकाली निघालेली प्रकरणं घ्या. दोन, प्रत्येक विद्यार्थ्याला समोरच्या बाजूने बोलायला लावा. कांद्याच्या प्रकरणात कोणीतरी ग्राहक व्यवहार खात्याचा सचिव व्हायलाच हवा. मुंबईत रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला ८० रुपये किलोचा कांदा परवडत नाही ही त्याची बाजू खोटी नाही, आणि १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीतलं सरकार घालवलं हे त्याला चांगलं आठवत असतं. समोरच्याची भीती कशात आहे हे कळल्याशिवाय निवेदन लिहिताच येत नाही. ‘बंदी उठवा’ ही मागणी नाही, ती घोषणा आहे. ‘इतके टन, या बंदरातून, या तारखेपर्यंत, आणि भाव इतका वर गेला तर पुन्हा थांबवा’ ही मागणी आहे. बंदी चालू असतानाच २५ एप्रिल २०२४ ला २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. बंदरं ठरलेली, दाखला गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा. आमच्याकडे त्यावर संताप झाला, योग्यच होता. पण इतकी नेमकी सवलत माझ्या मते कोणाला झोपेत सुचत नाही. ती तितकीच नेमकी मागावी लागते.

मग शिकवायचं काय? नववी ते बारावीत कुठेही, वर्षाला दहा तास पुरेत. एक जीआर आणायचा आणि वाचायचा: संदर्भ क्रमांक, कोणतं खातं, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून. एका निर्णयाची तारीखवार साखळी मांडायची. जिल्ह्याचं नामांतरच घ्या, पोरांना लगेच कळेल. ३१ मे २०२३ ला चौंडीत घोषणा, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी, मग केंद्राची मान्यता, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना. म्हणजे घोषणा आणि निर्णय यांत १६ महिने. मग एखाद्या मसुद्यावर ‘हरकती व सूचना’ लिहायच्या, मुदतीच्या आत, एका पानात. पुणतांब्याची रात्र वर्गात खेळून बघायची. आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मागे बसून एकच गोष्ट टिपायची: ठराव इथे झाला, की आदल्या रात्री पारावर? हिवरे बाजारला जाऊन यायला तर सहल लागते फक्त. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा निर्णय त्या गावाने ग्रामसभेत घेतला आणि पाळला. लोकांना स्वतःच्या सोयीविरुद्ध ‘हो’ म्हणायला लावणं हेही राजकीय कौशल्यच आहे, आणि ते दिवसाउजेडी होऊ शकतं याचा पुरावा नगर शहराजवळच आहे.

राहता राहिलो आपण. हिंजवडी, बाणेर, बंगळूर, न्यू जर्सी. आपल्याला वाटतं हे गावाकडचे प्रश्न. आठवतंय का, मार्च २०१५ मध्ये ट्रायने शंभराहून जास्त पानांचा एक कागद काढला होता, त्यात २० प्रश्न होते? कोणीतरी सोप्या भाषेत उत्तरं लिहिली, एका क्लिकवर मेल जाईल अशी सोय केली, आणि दहा लाखांहून जास्त मेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या साईटना वेगवेगळे दर लावायला मनाई केली. ते आपलं लॉबिंग होतं. जमलं, कारण आपल्याला इंग्रजी येत होतं, मुदत माहीत होती आणि मसुदा तयार मिळाला. कांदावाल्याला यातलं काहीच मिळालं नाही. त्याच्या बंदीवर तर हरकती मागवल्याच गेल्या नव्हत्या. आणि कोणत्या निर्णयावर हरकती मागवतात, कोणत्यावर नाही, नसतील तर कोणतं दार उरतं, हेही त्याला शाळेने सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा गावाकडच्या ज्या शाळेत शिकलात तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करा. माजी विद्यार्थी म्हणून प्रोजेक्टर आणि संगणक देतोच आपण, फोटोही येतो पेपरात. या वेळी एक शनिवार मागा. सोबत ७ डिसेंबर २०२३ चे ते दोन कागद न्या, पोरांपुढे ठेवा आणि विचारा, यातला एक आठ दिवसांत का बदलला?

मुलं तासभर भांडतील. भांडू द्या.